न धुतलेला स्वेटर

नवा कायदा काय आहे ते वकीलबाईंनी दुकानातच, काउंटरला टेकून समजावून सांगितलं. आई धुवायला आलेल्या एका कोटाचे खिसे तपासत होती, बाबा आत इस्त्रीच्या स्टीमप्रेसवर होते आणि थोरली पावत्यांवर शिक्के मारत होती.

आजवर त्या माणसाचा पॅरोलचा अर्ज दरवर्षी मंडळापुढे यायचा. दरवर्षी आई जाऊन बोलायची आणि दरवर्षी अर्ज फेटाळला जायचा. यापुढे तसं होणार नव्हतं. गुन्हा किती भयंकर होता ते शिक्षा देतानाच मोजून झालंय, ते पुन्हा पुन्हा मोजायचं नाही, असं कायद्याचं म्हणणं होतं. कैदी आज कसा आहे ते बघायचं. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या घरावर गुन्ह्याचा परिणाम आज किती आहे तेही बघायचं. त्यासाठी मंडळाकडून एक अधिकारी बाई घरी येणार, तासभर बसणार, काय दिसेल ते बघणार, विचारणार आणि अहवाल देणार. परिणाम गंभीर आहे असं त्यांनी लिहिलं, तर अर्ज पाच वर्षं पुढे ढकलला जाईल. नाहीतर मंडळ फक्त त्याची वागणूक बघेल.

वागणूक कशी आहे, असं आईने विचारलं. वकीलबाईंनी पर्सचा पट्टा सारखा केला. वागणूक चांगली होती. तो तुरुंगातल्या लाँड्रीत काम करत होता आणि तिथले लोक त्याच्या कामावर खूश होते.

आतला प्रेसचा फुसकारा थांबला. बाबा रुमालाला हात पुसत दारात आले.

“हाताने करतो की स्टीमप्रेसवर?”

वकीलबाईंना आधी प्रश्नच कळला नाही. मग त्या म्हणाल्या की इतका तपशील त्यांच्याकडे नाही. बाबांनी मान डोलावली आणि ते परत आत गेले. थोड्या वेळाने फुसकारा पुन्हा सुरू झाला.

दुकान खाली आणि घर वर. दुकानाच्या मागच्या दारातून एक दगडी जिना वर घरात जातो. त्या जिन्यावर तो माणूस त्या दिवशी धाकटीची, थोरलीच्या बहिणीची, वाट बघत बसला होता. लग्नाला ती नाही म्हणाली होती, दोनदा, आणि दुसऱ्या वेळी जरा हसून. मागच्या गल्लीपलीकडे त्याच्या आईचं घर. तिच्या गॅलरीतून हा जिना दिसतो आणि जिन्यावरून ती गॅलरी. पूर्वी तिच्या चादरी धुवायला याच दुकानात यायच्या. पोलिसांचं काम आटोपल्यावर बाबांनी जिना स्वतः धुतला, गार पाण्याने. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचं नाही, नाहीतर तो धाग्यात शिजून पक्का बसतो. दगडाला हा नियम लागू नाही हे त्यांना त्या वेळी कुणी सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता.

धाकटी थोरलीला ‘ताई’ म्हणायची, म्हणून आईबाबाही ताईच म्हणायचे. नंतर तो शब्द घरातून आपोआप गेला.

वकीलबाई गेल्यावर आईने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ती स्टुलावर बसली. अडचण काय आहे हे तिला लगेच कळलं होतं. थोरलीला कळायला थोडा वेळ लागला. अडचण ही होती की त्यांचं बरं चाललं होतं.

चांगलं नव्हतं, पण चाललं होतं. आई रोज सकाळी दोन शेजारणींबरोबर पोहायला जायची आणि ओले केस पुसत, कुणाची तरी नक्कल करत परत यायची. बाबा रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम ऐकून एकटेच हसायचे. खाली ओल यायला लागल्यापासून धाकटीच्या खोलीत तयार कपड्यांचे स्टँड उभे होते, प्लॅस्टिकच्या कव्हरांत घातलेले परक्यांचे कोट आणि पडदे. धाकटीचे कपडे माळ्यावरच्या ट्रंकेत गेले होते. दोन स्टॉप पलीकडे राहणारी थोरली रोज दुकानात यायची आणि तिला पाचवा महिना लागला होता. नातवंड येणार म्हणून बाबांनी जुन्या चादरी कापून, चारी कडा दुमडून, इस्त्री करून लंगोटांची चळत लावून ठेवली होती.

“त्या दिवशी तू ढगळ काहीतरी घाल,” आई थोरलीला म्हणाली. तिच्याकडे न बघता म्हणाली.

थोरलीने हो म्हटलं. मग म्हणाली, “आई, हे खोटं आहे.”

“खोटं कसं? सगळं झालंय की आपल्याला. वर्षभर मी अंथरुणातून उठत नव्हते. तुझे बाबा जेवताना ताटाकडे बघत बसायचे. तेव्हा बघायला कुणी आलं नाही, त्याला मी काय करू? आता दाखवते.”

त्या आठवड्यात त्यांनी खोली पुन्हा धाकटीची केली. मामा दुकानाची गाडी चालवायचा आणि गिऱ्हाइकांचे कपडे घरपोच करायचा. स्टँड उचलून गाडीत नेऊन ठेवायचं काम त्याच्याकडे आलं. मामाला गप्प बसून काम करता येत नाही. अक्का, नाटक कंपनी काढायचीच होती तर आधी सांगायचं, मी दाढी राखली असती, असं तो आईला म्हणाला. आईचा चेहरा बघून तो बाबांकडे वळला. “दाजी, तुम्ही मात्र त्या दिवशी रेडिओ लावू नका. तुमचं हसू गल्लीभर ऐकू जातं.” बाबा म्हणाले, मी कुठे हसतो. आणि खरंच हसले. मग तिघांनीही एकदम दाराकडे बघितलं, जणू त्या बाई तिथे येऊन उभ्या होत्या.

आईने पोहणं बंद केलं. आरशावर कपडा टाकला, तो जास्तच वाटला म्हणून काढला. ट्रंक माळ्यावरून खाली आणून धाकटीचे कपडे कपाटात टांगले. कोंदट वास येत होता आणि सगळ्यांवर घड्यांच्या रेघा पडल्या होत्या. असू दे तसंच, असं ती म्हणाली. इतकी वर्षं हात न लावलेलं असंच दिसतं.

आदल्या संध्याकाळी बाबा खाली असताना तिने आपल्या कपाटाच्या तळातून एक कव्हर काढलं. दुकानातल्या हजार कव्हरांसारखंच ते होतं, फक्त त्याचं तोंड चिकटपट्टीने बंद केलेलं. आत पिवळा स्वेटर होता. त्या दिवशी सकाळी धाकटीने तो दुकानातल्या खुर्चीवर काढून ठेवला होता, उकडतंय म्हणून. बाहीच्या टोकाला चहाचा डाग होता, त्याच सकाळचा. कॉलरला एक केस अडकलेला होता. त्यानंतर हा स्वेटर कधी धुतला गेला नव्हता.

हे फक्त थोरलीला माहीत होतं. दरवर्षी मंडळापुढे जायच्या आधी आई न्हाणीघरात जाऊन कडी लावायची, चिकटपट्टी सोडवायची आणि कव्हरात तोंड घालून एक श्वास घ्यायची. एकच, कारण प्रत्येक श्वासाने वास थोडा कमी होतो असा तिचा हिशोब होता. मग बाहेर येऊन ती नीट बोलू शकायची. बाबांना तिने सांगितलं नव्हतं. लोकरीचं न धुतलेलं कापड बंद करून ठेवलं तर कसर लागते, असं म्हणून त्यांनी वाद घातला असता. आणि वाद घातला नसता, नुसता वास घेतला असता, तर त्यांचं काय झालं असतं या विचाराने ती भ्यायची.

तिने स्वेटर कव्हरातून काढला आणि खोलीतल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, धाकटी टाकायची तसा, एक बाही उलटी. या खोलीत एक तरी गोष्ट खरी पाहिजे, असं ती थोरलीला म्हणाली. उद्या त्या बाई गेल्या की लगेच परत आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली ढगळ झगा घालून आली तेव्हा दुकान उघडलं नव्हतं, पण आत मशीन गार होत असल्याचा टिकटिक आवाज येत होता. आई बस स्टॉपवर गेली होती. त्या बाई चुकून मागच्या गल्लीने येऊ नयेत, त्याच्या आईच्या दारावरून येऊ नयेत, म्हणून आपण स्वतः त्यांना आणू असं तिने ठरवलं होतं. थोरली वर गेली. धाकटीच्या खोलीत बाबा कपाटापुढे उभे होते.

सगळे कपडे इस्त्री केलेले होते. कुर्ते, पँटी, ओढण्या, शाळेचा जुना फ्रॉकसुद्धा. सगळे हँगर एकाच दिशेला तोंड करून, बोटभर अंतराने, दुकानात लावतात तसे. बाबांच्या शर्टाला पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता.

“लोकांपुढे तिचे कपडे असे चुरगळलेले कसे ठेवायचे?” ते म्हणाले. “कोण म्हणेल की ही आपली मुलगी.”

थोरलीने खुर्चीकडे बघितलं. स्वेटर दोन्ही बाह्या मागे घेऊन घडी घातलेला, खुर्चीच्या पाठीवर बरोबर मध्यावर ठेवलेला होता. तो अधिक पिवळा दिसत होता.

बाबांनी तो उचलून बाहीचं टोक तिच्यापुढे धरलं. चहाचा होता, ते म्हणाले, जुना. आधी व्हिनेगर लावून ठेवला, मग मशीनमध्ये घातला. त्यांनी कापड उजेडात धरून अंगठ्याने ताणलं. “बघ. निघाला.”

त्यांच्या आवाजात अभिमान होता. ते इतक्या दिवसांत असं बोलले नव्हते. थोरलीला बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर बसता येणार नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर आईचा आवाज आला. ती पाहुणीला सांगत होती की पायरी जरा उंच आहे, सांभाळून.

अधिकारी बाई थोरलीच्याच वयाच्या होत्या. साध्या, थकलेल्या, वाईट बिलकुल नव्हेत. त्यांनी पाणी मागितलं आणि सगळं पाणी प्यायल्या. खोली बघू का, असं विचारून मगच आत आल्या. त्यांच्यामागून आई आली. तिने कपाट बघितलं. मग खुर्ची बघितली. ती चालत गेली, स्वेटर उचलला आणि नाकाशी नेला, जसा भाकरीचा पहिला घास... नाही, तसा नाही. बाळाची टाळू हुंगतात तसा, हळू. मग तिने तो खाली घेतला आणि पुन्हा वर नेला. कॉलर चाचपली. केस नव्हता.

बाबा दारात हात मागे बांधून उभे होते. “डाग होता बाहीला,” त्यांनी पाहुणीला सांगितलं. “काढला.”

अधिकारी बाईंनी मान हलवली. त्यांची नजर स्वेटरच्या काजाकडे गेली. तिथे एक छोटा गुलाबी कागदी टॅग टाचलेला होता. दुकानात कपडा कामाला घेताना जो लावतात तो, आजच्या तारखेचा. बाबांनी सवयीने लावला होता आणि सवयीने काढायचा राहिला होता. बाईंनी कपाटाकडेही नीट बघितलं. ओळीने सगळ्या कपड्यांना तसेच टॅग होते.

“ही खोली कधीपासून अशी आहे?” त्यांनी विचारलं. दटावून नाही, नुसतंच.

एक वाक्य पुरे होतं. हा स्वेटर आजपर्यंत कधी धुतला नव्हता, इतकंच. मग आज किती परिणाम आहे हे त्यांना विचारावं लागलं नसतं, तो समोर उभा होता. थोरलीने तोंड उघडलं. आईने तिच्याकडे बघितलं आणि मग तिच्यावरून बाबांकडे. बाबा अजून त्या बाहीकडे बघत होते, आपलं काम लोकांना दिसतंय ना अशा नजरेने. थोरलीने तोंड मिटलं.

“आज सकाळपासून,” आई म्हणाली.

पुढचे प्रश्न स्वयंपाकघरात झाले. झोप लागते का. लागते. जेवण जातं का. जातं. घराबाहेर पडता का. पोहायला जाते. अलीकडे कशाचा आनंद झाला का. आईने थोरलीच्या झग्याकडे बघितलं आणि हो म्हणाली. तिने आठवडाभर बसून ठरवलेलं एकही वाक्य तिच्या तोंडून आलं नाही. ती खरं तेच सांगत होती, विचारलं तेवढंच. जणू खोटं बोलायला जी ताकद लागते ती आज तिच्याकडे नव्हती, आणि ज्याबद्दल सांगायचं होतं त्याचा प्रश्न त्यांच्याकडे नव्हता. स्वेटर तिच्या मांडीवर होता. ती त्याची बाही कणीक तिंबावी तशी दाबत होती. अधिकारी बाई त्या हातांकडे बराच वेळ बघत राहिल्या, पण हातांबद्दल काय लिहायचं हे त्यांना सुचलं नसावं.

निघताना दुकानाच्या दारात त्यांनी थोरलीला बाजूला घेतलं. खोलीचा मी काही वाईट अर्थ काढत नाही, असं म्हणाल्या. बरेच जण असं करतात. कायदा झाल्यापासून जास्तच. मग म्हणाल्या, “अजून काही सांगायचं आहे का? आईंनी न सांगितलेलं?”

आत प्रेस सुरू झाला होता. त्या आवाजाच्या वरताण बाबा काहीतरी गुणगुणत होते.

“नाही,” थोरली म्हणाली.

बाईंनी तिच्या पोटाकडे बघून काळजी घ्या म्हटलं. झग्याचा काही उपयोग झाला नव्हता.

त्या गेल्यावर थोरली वर आली तेव्हा आई न्हाणीघरात होती, कडी लावून. रिकाम्या कव्हरात तोंड घालून ती श्वास घेत होती. आता एकच नाही, एकामागून एक. थोरली बाहेर जमिनीवर बसून राहिली. कव्हरात वास आणखी दोन-तीन दिवस होता, असं आईने तिला नंतर सांगितलं. मग नुसतं प्लॅस्टिक उरलं.

निकाल वकीलबाईंनी फोनवर कळवला. परिणाम मध्यम, कुटुंब सावरलेलं, कैद्याची वागणूक उत्तम, अर्ज मंजूर. त्याने दुकानात यायचं नाही, घरातल्या कुणाशी बोलायचं नाही आणि मागच्या जिन्याच्या जवळ फिरकायचं नाही. राहायचं कुठे, तर त्याच्या आईकडे. तिथून जिना दिसतो, हे आईने फोनवर तीनदा सांगितलं. दिसण्याबद्दल नव्या कायद्यात काही नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. पुढे दाद मागायची सोयही नव्हती. मामा आला आणि कधी नव्हे ते एकही विनोद न करता गाडीची किल्ली हातात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, अक्का, घर बदलू. आई म्हणाली, ती इथून खाली उतरली होती. इथून मी कुठे जाऊ?

बाबांनी ऐकलं आणि ते खाली गेले. त्या दिवशी त्यांनी आधीच इस्त्री झालेले कपडे पुन्हा एकदा केले.

त्यानंतर आईने पिवळा स्वेटर घालायला सुरुवात केली. थोरलीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा काढ तो, असं ती म्हणाली. पण आई शांतपणे म्हणाली की आता तो नुसता स्वेटर आहे, आता घातला तर काय गेलं. तिला तो खांद्यात तंग व्हायचा. बाबांनी बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. “बरं केलंस,” ते म्हणाले. “ठेवून ठेवून कसर लागली असती.” आईने त्यांच्या हाताला हात लावला.

सकाळी पोहायला जायच्या वेळी ती आता मागच्या जिन्यावर बसायची, मधल्या पायरीवर. तिथून उठ असं थोरलीने एकदा विनवलं, एकदा रागावूनही बघितलं. त्याला इथे बसता येणार नाही, आई म्हणाली. जागा भरलेली असेल. कोणी समजावायला गेलं की ती हेच सांगायची, साध्या आवाजात. एखाद्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरल्यासारखं. त्याला इथे यायची बंदीच आहे, हे तिला समजत नव्हतं असं नाही. पण बंदी आधीही होतीच, असं ती म्हणायची. माणसाला मारायची बंदी आधीपासूनच आहे.

ती उठत नाही म्हटल्यावर बाबाही चहा घेऊन तिच्या खालच्या पायरीवर बसायला लागले. दुकान उशिरा उघडायला लागलं. थोरलीला आता दिवस भरत आले होते आणि जिना चढवत नव्हता, म्हणून ती खाली मागच्या दारात उभी राहायची. तिला दोघांचे पाय दिसायचे आणि गल्लीपलीकडची गॅलरी दिसायची. त्याची आई तिथे चादरी वाळत घालायची, चुरगळलेल्या, कशाही दोरीवर टाकलेल्या. इस्त्री तिच्या घरात नव्हतीच. म्हणूनच तर पूर्वी ती त्यांच्याकडे यायची.

एका सकाळी गॅलरीत चादरी नव्हत्या. दोरीवर हँगर होता आणि हँगरला पांढरा शर्ट. कॉलर ताठ, पुढची पट्टी सपाट, बाहीवर खांद्यापासून टोकापर्यंत एकच सरळ, चाकूसारखी कड. गॅलरीचं दार उघडं होतं आणि आत अंधार होता.

आईने स्वेटरच्या बाह्या ओढून बोटांवर घेतल्या. थोरलीचा हात पोटावर गेला.

बाबांनी कप पायरीवर ठेवला आणि डोळे बारीक करून शर्टाकडे बघितलं, गिऱ्हाइकाने दुसऱ्याकडून करून आणलेल्या कपड्याकडे बघतात तसं.

“स्टीमप्रेसवर,” ते म्हणाले.